दोन वुडसन: रॉड कोणता आणि चार्ल्स कोणता

अमेरिकन फुटबॉलच्या विक्रमांची यादी चाळताना ‘वुडसन’ हे आडनाव समोर आले की ते नेमके कोणाचे, असा घोटाळा नवख्या वाचकाचा हमखास होतो, आणि त्यात त्याचा फारसा दोषही नसतो. रॉड वुडसन आणि चार्ल्स वुडसन यांचे एकमेकांशी काहीही नाते नाही. मात्र दोघेही बचावफळीच्या अगदी मागच्या रांगेत खेळले, दोघांनीही कॉर्नरबॅक म्हणून सुरुवात करून सेफ्टी म्हणून निवृत्ती घेतली, दोघेही एकेकदा वर्षातील सर्वोत्तम बचावपटू ठरले, दोघांनाही एकच सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक लीगचा अंतिम सामना, जिंकता आला आणि बचाव करताना दोघांनीही प्रत्येकी १३ टचडाउन केले, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेऊन गुण मिळवले. भरीस भर म्हणून ते दोन हंगाम एकाच संघात होते. (डॅलस काउबॉइजचा डॅरेन वुडसन हा तिसरा, त्याला येथे बाजूलाच ठेवलेले बरे.)

दोघांमधला फरक समजण्यासाठी आधी त्या दोन जागांमधला फरक लक्षात घ्यावा लागतो. कॉर्नरबॅक मैदानाच्या कडेला उभा राहतो आणि प्रतिस्पर्ध्याच्या वेगवान रिसीव्हरला, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्याला, बहुतेक वेळा एकटाच तोंड देतो. रिसीव्हर कोठे वळणार हे त्याला ठाऊक असते, कॉर्नरबॅकला नसते, आणि त्याच्यामागे धावताना चेंडूकडे अनेकदा पाठच होते. सेफ्टी त्याच्यापेक्षा बराच मागे, मैदानाच्या मधल्या भागात असतो. समोरचा सगळा डाव आणि विशेषतः चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची नजर त्याला दिसत असते. त्यामुळे पायांतला वेग उतरू लागला, पण डाव ओळखण्याची बुद्धी तल्लख राहिली, की कॉर्नरबॅकला सेफ्टी करण्याची रीत आहे. अशी बदली अनेकांची होते. तिच्यानंतरही या दोघांसारखी मातब्बरी टिकवणारे थोडे.

रॉड हा वयाने अकरा वर्षांनी मोठा. त्याचा जन्म १९६५ साली इंडियाना राज्यातील फोर्ट वेन येथे झाला, पर्ड्यू विद्यापीठात तो फुटबॉलबरोबरच अडथळ्यांच्या शर्यतीतही धावला आणि १९८७च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू आळीपाळीने निवडण्याच्या कार्यक्रमात, पिट्सबर्ग स्टीलर्सने त्याला दहाव्या क्रमांकावर निवडले. तेथील दहा हंगामांत तो कॉर्नरबॅक तर होताच, शिवाय प्रतिस्पर्ध्याने लाथाडलेला चेंडू झेलून उलट धावत आणण्याचे कामही करीत असे. कॉर्नरबॅक, सेफ्टी आणि चेंडू परत आणणारा खेळाडू या तिन्ही भूमिकांसाठी प्रो बोलमध्ये, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, निवडला गेलेला तो एकमेव खेळाडू होय. १९९५च्या हंगामातील पहिल्याच सामन्यात, डेट्रॉइटच्या बॅरी सँडर्सला अडवताना, रॉडच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. ही दुखापत म्हणजे त्या काळी पूर्ण हंगाम गेला असेच धरले जाई. तरीही शस्त्रक्रियेनंतर तो त्याच हंगामाच्या सुपर बोलमध्ये, जानेवारी १९९६मध्ये, मैदानात उतरला आणि डॅलसच्या मायकल अर्विनकडे आलेला चेंडू उडवून लावल्यावर त्याने आपल्या त्याच गुडघ्याकडे बोट दाखवले. स्टीलर्स तो सामना हरले, पण ते बोट लोकांच्या लक्षात राहिले. पुढे सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एक हंगाम काढून तो बाल्टिमोर रेव्हन्सकडे गेला, १९९९मध्ये तेथे सेफ्टी झाला, आणि २०००च्या हंगामात सोळा सामन्यांत केवळ १६५ गुण देणाऱ्या बचावफळीबरोबर त्याने सुपर बोल जिंकला.

चार्ल्सची कथा उलट्या टोकाने सुरू होते, कारण त्याला कीर्ती आधी मिळाली आणि पडता काळ नंतर आला. ओहायोतील फ्रीमाँटचा हा मुलगा मिशिगन विद्यापीठाकडून खेळताना १९९७मध्ये हाइझमन करंडकाचा मानकरी ठरला. महाविद्यालयीन फुटबॉलमधला हा सर्वोच्च वैयक्तिक सन्मान त्याआधी मुख्यतः बचाव करणाऱ्या कोणालाही मिळाला नव्हता, आणि त्याने मागे टाकलेल्यांत क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग होता. ओकलंड रेडर्सने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतले, पण तेथील आठ हंगामांत त्याच्या नावावर अवघी १७ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने फेकलेला चेंडू, म्हणजे पास, मध्येच पकडणे) जमा झाली, दुखापती वाढत गेल्या, आणि २००६मध्ये करार संपला तेव्हा त्याला घ्यायला फार संघ उत्सुक नव्हते. ग्रीन बे पॅकर्सचा प्रस्ताव त्याने काहीशा नाखुशीनेच स्वीकारला आणि तेथे सात हंगामांत ३८ इंटरसेप्शन केली. रॉडनेही स्टीलर्सकडून नेमकी ३८च केली होती. घोटाळा वाढवायला आकडेही असे हातभार लावतात.

मला या तुलनेतला सर्वांत बोलका धागा वाटतो तो प्रशिक्षक डॉम केपर्स यांचा. १९९३मध्ये रॉड सर्वोत्तम बचावपटू ठरला तेव्हा स्टीलर्सच्या बचावाची सूत्रे केपर्स यांच्याकडे होती, आणि २००९मध्ये चार्ल्सला तोच सन्मान मिळाला तेव्हा ते पॅकर्सच्या बचावाचे प्रमुख होते. कॉर्नरबॅकने कडेला एकाच रिसीव्हरला चिकटून राहावे, हा आग्रह त्यांच्या पद्धतीत नव्हता. कधी त्याला आत आणावे, कधी थेट क्वार्टरबॅकवर सोडावे, असा तो खेळ होता. म्हणूनच २००९मध्ये ९ इंटरसेप्शन करणारा चार्ल्स कागदावर कॉर्नरबॅक असला, तरी प्रत्यक्षात त्याची जागा सांगणे कठीण होते. रॉडच्या बाबतीत कॉर्नरबॅक आणि सेफ्टी यांच्यामध्ये एक स्पष्ट रेघ ओढता येते, तर चार्ल्स २०१२मध्ये रीतसर सेफ्टी होण्याच्या कितीतरी आधीच ती रेघ पुसून बसला होता, आणि माझ्या मते दोघांमधला खरा फरक हाच आहे.

सर्वाधिक गोंधळ होतो तो २००२च्या हंगामाचा, कारण त्या वर्षी हे दोघे रेडर्समध्ये एकत्र आले. सदतिसाव्या वर्षी ८ इंटरसेप्शन करून लीगमध्ये अव्वल ठरला तो रॉड. डेन्व्हरविरुद्ध चेंडू पकडून ९८ यार्ड धावत टचडाउन करणाराही तोच. जानेवारी २००३च्या सुपर बोलमध्ये सुरुवातीलाच टँपा बेचा पास पकडणारा मात्र चार्ल्स. रेडर्स तो सामना ४८–२१ असा हरले. चित्रणात ओळख पटवायची असेल तर पाठीवरचा क्रमांक पाहावा: रॉड २६, चार्ल्स २४, आणि पॅकर्सच्या हिरव्या पोशाखात चार्ल्स २१.

एकूण इंटरसेप्शन रॉडची ७१ आणि चार्ल्सची ६५ आहेत. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत, रॉड २००९ साली आणि चार्ल्स २०२१ साली गेला. चार्ल्सने शेवटचे तीन हंगाम पुन्हा रेडर्समध्ये सेफ्टी म्हणून काढले. हाइझमनच्या शर्यतीत मागे टाकलेल्या मॅनिंगचा एकही पास त्याला व्यावसायिक कारकिर्दीत पकडता आला नव्हता. ऑक्टोबर २०१५मध्ये, एकोणचाळिसावे वर्ष पूर्ण झाल्यावर, त्याने एकाच सामन्यात दोन पकडले. त्या हंगामात रेडर्सच्या मागच्या रांगेला शिकवणाऱ्या प्रशिक्षकांत रॉड वुडसन होता.