खांबावरून बारवर

नाशिकच्या तालमीत मल्लखांब करणारा मुलगा जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये आला की पहिल्याच आठवड्यात त्याची एक सवय आडवी येते. मल्लखांबाची ओळख इथे कुणाला करून द्यावी लागत नाही. बाळंभटदादा देवधरांना ही विद्या वणीच्या सप्तशृंग गडावर स्फुरली, अशी कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. या खांबाला एरंडेल चोळतात, म्हणजे घर्षण कमी होऊन अंग सोलवटत नाही, आणि अढीत, म्हणजे खांबाला पायांनी घातलेल्या विळख्यात, पकड असते ती मांड्यांची. हॉरिझॉन्टल बारवर, म्हणजे जिम्नॅस्टिक्सच्या उंच आडव्या दांडीवर, सगळं उलटं. हाताला मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पावडर लावायची, भार तळहातांवर घ्यायचा आणि पाय मोकळे ठेवायचे. हे मोकळे पाय जुळलेले आणि ताठ ठेवणं या मुलांना जड जातं. खांदे आणि पोट मात्र ती तयार घेऊनच येतात.

पुरुषांच्या स्पर्धेत सहा साधनं असतात: १२ बाय १२ मीटरचा फ्लोअर, पॉमेल हॉर्स (वर दोन मुठी असलेला घोडा), रिंग्ज (टांगलेल्या दोन कड्या), व्हॉल्ट (धावत येऊन हात टेकून उडी मारायचं टेबल), पॅरलल बार (दोन समांतर दांड्या) आणि हॉरिझॉन्टल बार. नवीन मुलाला सगळ्यांचीच ओढ लागते, पण सुरुवात भिंतीजवळच्या हँडस्टँडपासून, म्हणजे हातांवर उलटं उभं राहण्यापासून, करावी, असं आमचं ठाम मत आहे.

पोट भिंतीकडे. तळहात भिंतीपासून वीतभर लांब, दोन हातांत खांद्यांइतकं अंतर. पाय भिंतीवरून चालवत वर न्यायचे. कोपरं ताठ, जमीन ढकलून खांदे कानांपर्यंत, बरगड्या आत, नितंब आवळलेले. भिंतीला फक्त पायाची बोटं टेकलेली. २० सेकंदांचे चार सेट पुरेत. अंग वाकायला लागलं की सेट तिथेच थांबवायचा. पाठ भिंतीकडे करून उभं राहणं सोपं वाटतं, पण त्यात कमरेत कमान पडते. वाकलेलं अंग म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन डगमगते तुकडे, आणि एक सावरताना दुसरा हलतो. ताठ अंग एकाच काठीसारखं मनगटातून सावरता येतं.

हे सावरणं म्हणजे काय, ते तळहाताकडे बघून कळतं. तोल पाठीच्या बाजूला जायला लागला की बोटांची टोकं जमिनीत रुतवायची. मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत बरंच अंतर असल्यामुळे ही ढकल जोरकस बसते. तोल उलट, पोटाच्या बाजूला गेला तर दाबायला उरते फक्त तळहाताची टाच, आणि ती मनगटाच्या अगदी खालीच. म्हणून भार किंचित बोटांकडे ठेवायला शिकवतात.

हाच ताठ हँडस्टँड बारवर गेला की त्याचा पूर्ण फेरा होतो, त्याला जायंट म्हणतात. वरून सुटलेलं अंग एकसारखी सरळ काठी आहे असं धरलं, तर अगदी तळाशी हातांवर येणारा ओढा वजनाच्या चौपट भरतो. ३० किलोच्या मुलाला तिथे १२० किलो पेलायचे असतात, प्रत्येक हाताला ६०. बारच्या घर्षणात थोडी ऊर्जा जाते, म्हणून नुसतं लोंबकळत राहिलं तर फेरा वरपर्यंत पोचत नाही. उतरताना अंग लांब ठेवायचं आणि तळ ओलांडताच कमरेतून पाय झटकून अंग आखडायचं. उभ्याने झोका चढवताना खाली आल्यावर आपण अंग उचलतो, तेच हे गणित. सुरुवातीला मनगटं पट्ट्यांनी बारला बांधून हे शिकवतात, म्हणजे हात सुटायची भीती राहत नाही.

तळहातावर बांधायच्या चामडी ग्रिपकडे पालकांनी स्वतः लक्ष द्यावं. रिंग्जच्या ग्रिपला दोन बोटांची भोकं असतात, बारच्या ग्रिपला तीन. एकीचं काम दुसरीकडून करून घेऊ नये. वापरून ताणलेली, लांब झालेली ग्रिप बारभोवती स्वतःवरच गुंडाळून अडकते. हात जागच्या जागी थांबतो, अंग फिरत राहतं आणि कोपराखालची हाडं मोडतात. पावसाळ्यात दमट हवेने हात ओले राहतात, तेव्हा पावडर पुन्हा पुन्हा लावावी, पण थर साचू देऊ नये. बार अधूनमधून घासून काढावा.

गुणांचं थोडक्यात. २००६ पासून कमाल १० गुणांची जुनी पद्धत गेली. आता कौशल्यांच्या अवघडपणाचे गुण वेगळे मिळतात, आणि सादरीकरणाच्या १० मधून चुकांचे ०.१, ०.३ किंवा ०.५ कापले जातात. पडलं तर पूर्ण १. रिंग्जवरची स्थिर पकड २ सेकंद टिकवावी लागते.

साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी बरीच मुलं काल येत असलेलं कौशल्य हरवून बसतात, आणि घरी 'सराव कमी पडतो' असं बोललं जातं. कारण शरीराच्या मापात आहे. उंची १० टक्क्यांनी वाढून अंग त्याच प्रमाणात मोठं झालं, तर स्नायूंचा छेद, म्हणजे ताकद, वाढते २१ टक्के. वजन ३३ टक्के. आणि अंग फिरवायला होणारा विरोध तब्बल ६१ टक्के. मुलांमध्ये ताकदीची मोठी वाढ उंचीच्या मागून येते. मधल्या महिन्यांत अवघड उड्या कमी करून हँडस्टँड आणि साधे झोके नव्या लांबीत पुन्हा बसवावेत. घाई नको: पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय वरिष्ठ गटात उतरायला त्या वर्षी वयाची १८ वर्षं पूर्ण व्हावी लागतात.

याच वयात हाडांच्या टोकांशी असलेली वाढीची कूर्चा सर्वांत नाजूक असते, आणि या खेळात मनगटं पावलांचं काम करतात. हँडस्टँडमध्ये किंवा पॉमेल हॉर्सवर फिरताना मनगटाच्या वर अंगठ्याच्या बाजूला दुखलं, तिथे बोटाने दाबल्यावरही दुखलं, तर पट्टी बांधून सराव पुढे रेटू नये. हातांवरचा भार थांबवावा आणि अस्थितज्ज्ञांना दाखवावं. तोवर पाय, पोट, लवचिकता आणि लँडिंग चालू ठेवता येतं. दुखणं पूर्ण गेल्यावर आधी गुडघे टेकून हातांवर भार, मग भिंतीचा हँडस्टँड, आणि पॉमेल हॉर्स सगळ्यांत शेवटी.