खानदेशात सापडणाऱ्या जुन्या नळ्या: मूळ आणि वय

बंदुकीचा दस्ता वाळवी खाते, चाप गंजतो, पितळी पट्ट्या मोडीत जातात. मागे राहते ती लोखंडी नळी. धुळे-जळगाव-नंदुरबारकडे जुन्या गढीत किंवा वाड्याच्या माळ्यावर अशी नुसती नळी निघाली, की तिला थेट शिवकाळात नेऊन बसवण्याचा मोह होतो. पण खानदेशातून इतक्या फौजा गेल्या आहेत की घाई करून चालत नाही.

1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि बऱ्हाणपूरसह खानदेश मोगल सुभा झाला. पुढे मराठे आले. पेशवाईच्या अखेरीस इथल्या किल्ल्यांवर अरब शिबंदी होती. 1818 मध्ये तेव्हा खानदेशात मोडणाऱ्या मालेगावचा किल्ला त्यांनी इंग्रजांविरुद्ध जवळजवळ महिनाभर लढवला. 1825 मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावात भिल्ल पलटण उभारली. यांतल्या प्रत्येकाने आपापली हत्यारे आणली.

देशी तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने डागायच्या बंदुकीची नळी ओळखायची तर मागच्या टोकाकडे पाहावे. रंजक, म्हणजे पेटवायची बारीक दारू, ठेवायचा कान तिथे नळीलाच जोडलेला असतो. नळी दस्त्याला तारेने, चामड्याने किंवा धातूच्या पट्ट्यांनी आवळत, म्हणून खालची बाजू बहुधा बिनकड्यांची मिळते. विलायती नळीला खाली लहान कड्या असतात, त्यांतून दस्त्याच्या खिळ्या जात. घडणही बोलते. लांबीच्या बाजूने कडा जुळवलेली नळी फुटण्याचा धोका जास्त. त्यापेक्षा पट्टी तिरपी गुंडाळून, तापवून सांधलेली नळी भरवशाची, असे अकबराच्या काळच्या आइन-ए-अकबरी या ग्रंथात सांगितले आहे. चांगल्या नळीवर तो पीळ अजूनही दिसतो. त्याच ग्रंथाप्रमाणे बादशाही बंदुकीवर लोखंडाचे वजन, कारागीर, ठिकाण आणि साल कोरत.

साल कोरलेले असले तरी कोणते, हे पाहावेच लागते. 1195 हा आकडा हिजरी धरला तर इसवी सन 1781 येतो. मराठी दप्तरांतला शुहूर सन धरला तर 1794-95. संवत धरला तर 1138, म्हणजे बंदूक हिंदुस्थानात येण्याच्या कितीतरी आधी! फारसी मजकूर असेल तर हिजरीकडे कल ठेवणे रास्त.

विलायती नळीवर चाचणीचे ठसे असतात. लंडनचे मुकुटाखाली ‘जीपी’ आणि ‘व्ही’. बर्मिंगहॅमचे चाचणीघर 1813 चे, त्याचे मुकुटाखाली आडवे-तिरपे राजदंड. बेल्जियमच्या लीजचा ठसा अंडाकृती चौकटीतला ‘ईएलजी’. 1893 नंतर त्यावर मुकुट आला. ईस्ट इंडिया कंपनीच्या मालावर 1808 पर्यंत पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचे चिन्ह, नंतर मागच्या पायांवर उभा सिंह.

ठसे घासले गेले असतील तर भोक मोजावे. कंपनीच्या चकमकी बंदुकीची नळी 39 इंच लांब, आतून सुमारे 19 मिलिमीटर. 1853 ची एन्फिल्ड 14.7 मिलिमीटरची, आत तीन आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा. 1857 च्या उठावानंतर देशी शिपायांना मुद्दाम बिनआट्याची, सुमारे 16.7 मिलिमीटरची बंदूक दिली गेली.

सर्वात जास्त फसगत होते ती बदललेल्या बंदुकांत. ठोक्याने पेटणाऱ्या टोपीची ठासणीची बंदूक 1820 नंतर रुळली, तेव्हा जुन्या तोड्याच्या नळ्यांचा कान काढून तिथे निपल, म्हणजे टोपी बसवायची बोंडी, बसवण्यात आले. म्हणून टोपीची व्यवस्था पाहून नळी एकोणिसाव्या शतकाची ठरवू नये. कानाच्या जागी भर घातलेली, झाळलेली खूण शोधावी. नळीचे वय आणि बंदुकीचे वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला इथे सर्वात महत्त्वाचे वाटते.

आणि कळकळीची विनंती: पॉलिश पेपर लावू नका. गंजाखालचे बारीक ठसे एका दुपारच्या घासण्यात कायमचे जातात. आणि नळी हाताळण्याआधी ती रिकामी आहे का ते पाहा. तोंडातून हलकी लाकडी काठी बेताने आत सोडा आणि बाहेरून लांबी ताडून घ्या. काठी कानाच्या किंवा निपलच्या बरीच अलीकडे अडली, तर आत जुनी दारू असू शकते. अशी नळी तापवू नये, ठोकू नये, पोलिसांना कळवावे. जमिनीत पुरलेली सापडली असेल तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर पाठवायला 1972 च्या पुरावस्तू कायद्याची मनाई आहे.