धरणात गेलेले गाव आणि खाणीत गेलेले गाव

जर्मनीतील इमेराट या गावातले कॅथलिक चर्च कोळशाच्या खाणीसाठी पाडले गेले, हे सोलापूर भागात कोणाला सांगितले की बहुतेकदा एकच उद्गार ऐकू येतो: "म्हणजे आपल्या उजनीसारखेच की." भीमेवरच्या उजनी धरणाशी केलेल्या या तुलनेत आपुलकी आहे आणि अर्धे सत्यही आहे. दोन्हीकडे सार्वजनिक गरजेचे कारण पुढे आले, दोन्हीकडे पिढ्यान्‌पिढ्यांची घरे मोजणीच्या कागदावर आली आणि दोन्हीकडे जुन्याच नावाचे नवे गाव दुसऱ्या जागी वसले. परंतु पाण्याखाली जाणे आणि खाणीत जाणे या दोन निराळ्या घटना आहेत, आणि देवस्थानाच्या बाबतीत हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो.

इमेराट हे जर्मनीच्या पश्चिमेकडील नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात, एर्केलेंझ शहराच्या हद्दीत होते. तेथील संत लाम्बेर्टस यांचे चर्च १८८८ ते १८९१ या काळात बांधले गेले. दोन मनोऱ्यांचे, नव-रोमनेस्क धाटणीचे हे चर्च खेड्याच्या मानाने इतके भव्य होते की आसपासचे लोक त्याला 'इमेराटचे कॅथेड्रल' म्हणत. या भागातील सुपीक शेतजमिनीखाली लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा, पसरलेला आहे आणि आरडब्ल्यूई या वीज कंपनीची गार्झवायलर ही खुली खाण तो काढत पुढे सरकत आली आहे. ज्या गावाचे नाव या खाणीला आहे, ते जुने गार्झवायलरही तिच्याच पोटात गेले. इमेराटच्या रहिवाशांचे स्थलांतर २००६ पासून सुरू झाले. १३ ऑक्टोबर २०१३ रोजी चर्चमध्ये अखेरची मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य सामूहिक उपासना, अर्पण झाली आणि ८ व ९ जानेवारी २०१८ रोजी यंत्रांनी इमारत पाडली. चर्चची नोंद संरक्षित वारसा वास्तू म्हणून होती. खाणीपुढे ती नोंद टिकली नाही.

आता आपल्याकडचे उदाहरण घेऊ. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. भिंत माढा तालुक्यात आहे, परंतु पाण्याचा फुगवटा करमाळा, इंदापूर आणि कर्जत या तालुक्यांत दूरवर पोचला आणि त्यात अनेक गावठाणे गेली. इंदापूर तालुक्यातील पळसदेव हे त्यांपैकी एक. गाव पुणे–सोलापूर महामार्गालगत नव्याने वसले, पळसनाथाची पूजा नव्या देवळात सुरू झाली आणि जुने दगडी मंदिर पाण्यात राहिले. उजनीत मृतसाठाच, म्हणजे दारांच्या पातळीखाली राहणारे पाणीच, सुमारे ६३ टीएमसी (अब्ज घनफूट) असल्यामुळे धरण सहसा पूर्ण कोरडे पडत नाही. मात्र टंचाईच्या वर्षी 'उजनी मायनसमध्ये गेली', म्हणजे पाणी मृतसाठ्यात उतरले, अशी बातमी येते आणि पाणी उतरता उतरता मंदिराचे शिखर, मग सभामंडप, मग जोत्यापर्यंतचा भाग उघडा पडतो. २०२४ च्या उन्हाळ्यात असेच झाले. त्या वेळी होडीने तेथे गेलेल्यांना दगडांच्या सांध्यांत बसलेला गाळ, नक्षीच्या खाचांत अडकलेले शिंपले आणि पाण्याच्या निरनिराळ्या पातळ्यांनी भिंतीवर आखलेल्या आडव्या पांढुरक्या रेषा पाहायला मिळाल्या. झीज झाली आहे, मूर्तिकामाची हानी झाली आहे. तरी मंदिर आपल्या मूळ पायावर उभे आहे.

येथेच पहिला आणि मुख्य फरक आहे. पाणी गावाला झाकते, खाण गावाखालची जमीनच काढून नेते. भूमिगत खाणीत बोगदे खोल असतात आणि वरचे गाव, खचण्याचा धोका पत्करून का होईना, राहू शकते. खुल्या खाणीत मात्र कोळशापर्यंत पोचण्यासाठी वरची सगळी माती, वाळू आणि रेती आधी बाजूला करावी लागते. गार्झवायलरची खोली काही ठिकाणी सुमारे २०० मीटर आहे. फिरत्या चाकावर बादल्या बसवलेली तेथील महाकाय उत्खनन यंत्रे मातीचा थर कापतात, पट्ट्यांवरून ती माती खाणीच्या मागच्या बाजूला टाकली जाते आणि खड्डा कोरडा राहावा म्हणून भूजल सतत उपसले जाते. अशा खाणीच्या वाटेवर चर्च जागेवर ठेवून काम पुढे नेता येत नाही. ते पाडण्यामागे कोणाचा धर्मद्वेष नव्हता. चर्च ज्या भूमीवर उभे होते, ती भूमीच शिल्लक राहणार नव्हती. पळसदेवला ज्याला 'जुने गाव' म्हणून बोट दाखवता येते, तसे इमेराटच्या माणसाला काहीच दाखवता येत नाही.

दुसरा फरक काळाचा आहे, आणि तो माणसांना फार छळतो. धरणाची पूर्ण संचय पातळी आधी ठरते, बुडीत क्षेत्राची रेषा नकाशावर आखली जाते, आणि भिंत पूर्ण झाली की पाणी त्या रेषेपर्यंत येऊन थांबते. रेषेच्या वरचे गाव वाचले, खालचे गेले. दुःख मोठे असते, पण त्याला हद्द असते. खाणीची कड मात्र दशकानुदशके चालत राहते, आणि कोळसा किती काळ जाळायचा या राजकीय निर्णयाप्रमाणे तिची हद्दही बदलते. इमेराटपासून जवळच असलेल्या केयेनबर्ग गावाचे उदाहरण या दृष्टीने विचार करायला लावणारे आहे. तेथील चर्चचा धार्मिक दर्जा २०२१ मध्ये काढून घेण्यात आला, कारण गाव खाणीत जाणार हे गृहीत होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्या भागातील कोळसा वापर २०३० पर्यंत थांबवण्याचा समझोता झाला आणि केयेनबर्गसह पाच गावे वाचली. तोवर बहुतेक कुटुंबे निघून गेली होती. त्याच समझोत्यात ल्युत्झेराट या वस्तीचा बळी मान्य झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये हजारो आंदोलकांच्या विरोधानंतरही ती रिकामी करण्यात आली. माझ्या मते इमेराटच्या चर्चची खरी शोकांतिका येथे आहे: मनोरे पडल्यानंतर पाच वर्षेही झाली नव्हती, तोच शेजारच्या गावांखालचा कोळसा न काढता चालेल, असे ठरले.

देवस्थान हलवण्याच्या रीतीतही साम्य आणि भेद दोन्ही आहेत. कॅथलिक चर्च ही अभिषेकाने पवित्र केलेली वास्तू असते. चर्चच्या कायद्यानुसार, गंभीर कारण असल्यास, बिशप ती लौकिक वापरासाठी मोकळी करू शकतात. मात्र तो वापर हीन नसावा, अशी अट आहे. वेदीचा दर्जा स्वतंत्र मानला जातो, वास्तू मोकळी झाल्याने तो आपोआप जात नाही. म्हणून अखेरच्या मिस्सेनंतर पवित्र संस्कार, म्हणजे मिस्सेत पवित्र केलेली भाकर, समारंभाने बाहेर नेला जातो, अखंड तेवणारा दिवा शांत केला जातो आणि वेदीतील संतांचे अवशेष काढून घेतले जातात. आपल्याकडे मूर्ती किंवा शिवलिंग हलवताना आधी कलाकर्षणाचा, म्हणजे मूर्तीतील देवत्व काढून घेण्याचा, विधी होतो आणि नव्या जागी पुन्हा प्राणप्रतिष्ठा होते. भाविकांना धीर देण्याचे काम दोन्ही विधी सारखेच करतात. परंतु पळसनाथाचे जुने मंदिर पाण्याबाहेर आले की लोक आजही तेथे हात जोडतात, फुले वाहतात. विधीने देव हलवला असला तरी श्रद्धेने जुनी जागा सोडलेली नाही, कारण जागा अजून आहे. इमेराटच्या ग्रामस्थांना नव्या गावात लहान प्रार्थनागृह मिळाले, दफनभूमीतील मृतांचे अवशेषही तेथे हलवण्यात आले. परत जाऊन गुडघे टेकावेत अशी भूमी मात्र उरली नाही.

कायद्याच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. इमेराटच्या एका रहिवाशाचा दावा जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयापर्यंत गेला होता. १७ डिसेंबर २०१३ च्या निकालात न्यायालयाने गावात राहण्याचा स्वतंत्र हक्क खाणीच्या आड येतो, असे मानले नाही. मात्र खाणीमुळे जमीन जाणाऱ्यांना वेळेवर आणि परिणामकारक दाद मागता आली पाहिजे, असे बजावले. आपल्याकडेही दोन वाटा वेगळ्या आहेत. धरणासाठीची जमीन सामान्य भूसंपादन कायद्याने आणि कोळशाची जमीन बहुधा १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याने घेतली जाते. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा १९७६ मध्ये आला, तेव्हा उजनीचे काम बरेच पुढे गेले होते.

धरण आणि खाण यांना एकच समजण्याचा गोंधळ पुढे आणखी वाढणार आहे. कोळसा काढणे थांबल्यावर गार्झवायलरच्या उरलेल्या खड्ड्यात ऱ्हाइन नदीचे पाणी वाहिनीने आणून सोडण्याची योजना आहे, आणि तळे भरण्यास काही दशके लागणार आहेत. त्यानंतर दोन्ही ठिकाणच्या छायाचित्रांत फक्त पाणीच दिसेल आणि कोणीतरी सहज म्हणेल की इमेराटचे चर्च तळ्यात बुडाले. तसे झालेले नसेल. पाणी येण्याच्या कितीतरी आधी तेथील दगड, पाया आणि पायाखालची माती नेली गेलेली असेल.

सोलापूरकरांसाठी हा विषय दूरचा नाही. फताटेवाडी येथील एनटीपीसीच्या १,३२० मेगावॉट क्षमतेच्या औष्णिक केंद्रात उजनीचे पाणी वापरले जाते, आणि तेथे कोळसा जळतो, जो आपल्या देशात मुख्यतः खुल्या खाणींतूनच काढला जातो. पाण्यासाठी उठलेली गावे आणि कोळशासाठी उठलेली गावे, या दोघांचाही भार आपल्या घरातल्या दिव्यामागे आहे.

फरक नीट समजून घेतला तर करायचे काम बदलते. इमेराटमध्ये जे मोजायचे, रेखाटायचे, काढून ठेवायचे होते ते सर्व यंत्रे येण्याआधी आणि खाणीची कड पोचण्याआधी उरकावे लागले. पाडलेल्या चर्चच्या पायाखाली पुरातत्त्वज्ञांनी केलेल्या उत्खननालाही तीच मुदत होती. उजनीच्या बुडीत क्षेत्रात ही संधी टंचाईच्या प्रत्येक वर्षी पुन्हा मिळते. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेराच्या जमिनीचे वाटप आपण दरवर्षी काटेकोरपणे करतो. त्याच आठवड्यांत पळसदेवचे मंदिर, करमाळ्याकडील कुगावचा इनामदार वाडा आणि जुन्या गावठाणांच्या घाटपायऱ्या यांची मोजमापे, छायाचित्रे आणि शिलालेखांचे ठसे घेतले जावेत, आणि जुने गाव पाहिलेली माणसे हयात आहेत तोवर कोणते घर कोठे होते हे त्यांच्याकडून नकाशावर उतरवून घेतले जावे.