एकाच वेळी अनेक क्लाउडवर काम चालू असताना तुमचं अकाउंट वेगळं कसं राहतं

आमच्या बऱ्याच ग्राहकांचा एक प्रश्न हमखास असतो, की रात्री आमच्या सर्व्हरचं काम काढता तेव्हा दुसऱ्या कोणाचंही काम चालूच असतं ना, मग त्यांची कमांड आमच्याकडे येणार नाही कशावरून? प्रश्न अगदी रास्त आहे, प्रत्येकाने विचारायलाच हवा, म्हणून हे माहितीपत्रक.

आधी काम काय ते. सर्व्हर अपडेट करणं, बॅकअप घेणं आणि तो खरंच उघडतोय का बघणं, रात्री नको असलेली मशीन्स बंद करून सकाळी चालू करणं, हे सगळं आम्ही माउसने क्लिक करत नाही, टर्मिनलमधून (जिथे कमांड टाइप करतात ती खिडकी) स्क्रिप्टने, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या कमांडच्या यादीने करतो. कोणी ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएसवर, कोणी मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युरवर, कोणी गूगल क्लाउडवर, काहींचं तर तिन्हीकडे थोडं थोडं. आणि भिवंडीच्या गोडाऊनचं बिलिंग असो की दादरच्या क्लासची वेबसाइट, सगळ्यांना वेळ सोयीची रात्री बारानंतरचीच, मग एकामागून एक करत बसलो तर पहाटेच्या लोकल सुरू झाल्या तरी काम उरेल. त्यामुळे वेगवेगळ्या ग्राहकांची सेशन्स, म्हणजे लॉगिन करून चाललेली कामं, एकाच वेळी चालवावीच लागतात.

गडबड कुठे होऊ शकते

दोन टर्मिनल उघडली म्हणजे दोन वेगळी कामं झाली असं वाटतं, पण तसं नसतं. ॲझ्युरचं सीएलआय (टर्मिनलमधून कमांड देण्याचं साधन) कुठलं सबस्क्रिप्शन, म्हणजे ॲझ्युरमधलं अकाउंट, चालू आहे ते होम फोल्डरमधल्या एका फाइलमध्ये लिहून ठेवतं आणि ती फाइल सगळ्या टर्मिनलना एकच, म्हणजे एका खिडकीत सबस्क्रिप्शन बदललं की दुसऱ्या खिडकीतली पुढची कमांडसुद्धा नव्या ठिकाणी जाते, आणि स्क्रीनवर काहीही वेगळं दिसत नाही. गूगलच्या जीक्लाउड या तशाच साधनात कॉन्फिगरेशन (कुठलं अकाउंट वापरायचं ती सेटिंग्ज) ॲक्टिव्हेट केलं की हाच प्रकार, आणि अनेक सर्व्हरवर सॉफ्टवेअर चालवणाऱ्या कुबरनेटीसमध्ये कमांड कुठे जाणार ते ठरवणाऱ्या करंट कॉन्टेक्स्टचंही तेच. एडब्ल्यूएसमध्ये प्रोफाइल (कुठल्या लॉगिनने काम करायचं ते) प्रत्येक टर्मिनलला वेगळं देता येतं, पण तिथे दुसरी मेख आहे: आधीच्या कामाची ॲक्सेस की (पासवर्डसारखी किल्ली) टर्मिनलच्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे त्याने लक्षात ठेवलेल्या सेटिंगमध्ये, तशीच राहिली असेल तर प्रोफाइलचं व्हेरिएबल काहीही सांगो, सीएलआय ती कीच आधी उचलतं.

म्हणून आमच्याकडे प्रत्येक ग्राहकाचं कॉन्फिग फोल्डर स्वतंत्र असतं आणि सेशन सुरू होतानाच त्या टर्मिनलला फक्त तेच फोल्डर दिसतं, बाकीच्यांची लॉगिन्स तिथे नसतातच. त्यावर स्क्रिप्टची पहिली ओळ नेहमी एकच काम करते, मी आत्ता कोणाच्या अकाउंटमध्ये आहे हे क्लाउडलाच विचारते, आणि आलेला अकाउंट नंबर तुमच्या नोंदीतल्या नंबरशी जुळला नाही तर स्क्रिप्ट तिथेच थांबते. ही तपासणी रात्री दोन वाजता डोळ्यांनी करण्यावर आमचा विश्वास नाही, ती मशीननेच करायला हवी.

रीजनचंही, म्हणजे सर्व्हर कुठल्या शहरातल्या डेटा सेंटरमध्ये आहे त्याचंही, तसंच. एडब्ल्यूएसचं एपी-साउथ-1 म्हणजे मुंबई आणि एपी-साउथ-2 म्हणजे हैदराबाद, गूगलचं एशिया-साउथ1 मुंबई आणि एशिया-साउथ2 दिल्ली, पण ॲझ्युरमध्ये साउथ इंडिया म्हणजे चेन्नई, तिथे मुंबई हवी तर वेस्ट इंडिया आणि पुणे हवं तर सेंट्रल इंडिया. इतकी सारखी नावं असल्यावर डिफॉल्ट रीजनच्या भरवशावर राहणं बरं नाही, आम्ही प्रत्येक कमांडमध्ये रीजन पूर्ण लिहितो.

सगळं एकदम का नाही सोडत

दर सेकंदाला किती रिक्वेस्ट घ्यायच्या याला क्लाउडकडे मर्यादा असते, ती ओलांडली की ॲझ्युर 429 हा एरर कोड पाठवून किती थांबायचं ते सांगतं, एडब्ल्यूएसची सर्व्हर देणारी सेवा ईसीटूसुद्धा रिक्वेस्ट नाकारते. मुद्दा असा की ही मर्यादा तुमच्या अकाउंटची असते, आम्ही ती घाईत संपवली तर तुमच्याच सॉफ्टवेअरला वाट बघावी लागेल. अनेक मशीन्सवर एकच काम करायला आम्ही वापरतो ते ॲन्सिबल मुळातच एका वेळी 5 मशीन्स घेतं, तेवढं पुरतं, आणि दोनच सर्व्हर असलेल्या दुकानाचं तर आम्ही एक पूर्ण करूनच दुसरा घेतो म्हणजे साइट चालू राहते.

सेशन्स आमच्या लॅपटॉपवर नाही तर क्लाउडमधल्या एका सर्व्हरवर टीमक्समध्ये (कनेक्शन तुटलं तरी टर्मिनल चालू ठेवणारं साधन) चालतात, पावसात आमचं नेट गेलं तरी तुमचं काम अर्धवट तुटत नाही.

तुमच्याकडून काय हवं

कायमची ॲक्सेस की व्हॉट्सॲपवर पाठवू नका प्लीज, आम्ही मागणारही नाही. एडब्ल्यूएसमध्ये आमच्यासाठी एक रोल (ठराविक कामापुरती, थोड्या वेळाची परवानगी) बनवा, आम्ही बसून करून देतो. रोलचं सेशन साधारण एका तासात संपतं, ते 12 तासांपर्यंत वाढवता येतं पण आम्ही वाढवायला सांगत नाही, त्याऐवजी मोठं काम तुकड्यांत करतो.

ठरलेल्या वेळेत तुमच्या डेव्हलपरने त्याच सर्व्हरवर बदल करू नयेत. टेराफॉर्म (सर्व्हरची रचना फाइलमध्ये लिहून उभी करणारं साधन) वापरत असाल आणि स्टेट, म्हणजे काय काय उभं केलंय त्याची नोंद, लॉक आहे असा मेसेज आला तर आमचं काम चालू आहे असं समजा, लॉक जबरदस्तीने काढणारी फोर्स-अनलॉक कमांड मारू नका, आधी फोन करा, कारण दोघांनी एकदम लिहिलं तर स्टेट फाइल बिघडते आणि ती निस्तरण्यात अख्खा दिवस जाऊ शकतो.

आम्ही काय केलं ते तुम्हाला स्वतः बघता येतं. एडब्ल्यूएसमध्ये क्लाउडट्रेल या नोंदी ठेवणाऱ्या सेवेची इव्हेंट हिस्टरी आणि ॲझ्युरचा ॲक्टिव्हिटी लॉग, दोन्हीकडे बदलांची 90 दिवसांची नोंद असते. फक्त वेळ बघताना लक्षात ठेवा की मूळ नोंदी यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणजे रात्री साडेबाराला केलेलं काम आदल्या तारखेला 19:00 वाजता दिसेल. आणि आमच्याबरोबरचं काम थांबवायचं ठरवलंत तर रोल डिलीट करा, नवीन सेशन आम्हाला उघडताच येणार नाही. चालू सेशन मध्येच तोडायचं असेल तर रोल डिलीट करण्याआधी त्याच रोलच्या पानावर रिव्होक सेशन्स नावाचा टॅब आहे, त्यासाठी आमची परवानगी लागत नाही.