लेनियर तलावातली जागा कोणाची?

मुला-मुलींकडे अटलांटाला जाणारे आईबाबा ज्या विमानतळावर उतरतात, त्याच्या नावातले हार्ट्सफील्ड म्हणजे या शहराचे जुने महापौर विल्यम हार्ट्सफील्ड. त्यांच्या दूरदृष्टीचे गोडवे विमानतळामुळे आजही गायले जातात. पाण्याबाबत मात्र ती दृष्टी कमी पडली.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी संसदेने चॅटाहूची नदीवर बुफोर्ड धरण मंजूर केलं. ते बांधणार होतं लष्कराचं अभियंता दल, म्हणजे आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स. पूर अडवणं, वीजनिर्मिती आणि खालच्या अंगाला जलवाहतूक ही कागदावरची मुख्य कामं. अटलांटाला याचा फायदा होणार असेल तर शहराने खर्चाचा थोडा वाटा उचलावा, असं विचारलं गेलं. 1948 मध्ये हार्ट्सफील्ड यांनी पत्राने नकार कळवला. शहराला पाण्याचे इतर स्रोत आहेत, आपली गत कधी लॉस एंजेलिससारखी होणार नाही, असा त्यांचा सूर होता. तेव्हाची लोकसंख्या पाहता त्यांना मूर्खात काढता येत नाही. पण शहराने पैसे दिले नाहीत, त्यामुळे धरणातल्या ठरावीक जागेवर आपलं नाव लावून घेण्याची संधीही गेली.

1956 मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि त्यामागचा लेनियर तलाव भरू लागला. पूर सामावायची जागा सोडून त्यात वापरायोग्य साठा साधारण 47 टीएमसी. खडकवासला साखळीतली चारही धरणं मिळून 29 टीएमसीच्या आसपास आहेत, यावरून अंदाज यावा. पाण्याच्या जुन्या व्यवस्था तलावात बुडाल्या म्हणून गेन्सव्हिल आणि बुफोर्ड या दोन गावांना भरपाईदाखल थोडं पाणी मिळालं, बस्स.

1958 मध्ये वॉटर सप्लाय अ‍ॅक्ट आला आणि केंद्राच्या धरणांत शहरांसाठी जागा ठेवायला वाट मोकळी झाली. अट अशी, की खर्च पाणी घेणाऱ्याने सोसायचा. आणि मूळ उद्देशांना मोठा धक्का लागणार असेल तर संसदेची परवानगी हवी. पुढची सगळी भांडणं या दुसऱ्या अटीवर झाली.

इथे विकली जाते ती जागा, पाणी नव्हे. कोअर तलावातल्या अमुक इतक्या घनफळाचा हक्क देतं. त्यात पाणी येणं न येणं पावसाच्या हाती, आणि पाणी उचलायची परवानगी राज्याची. भाव काढायच्या पद्धतीत चार आकडे मांडतात: वीज वगैरेचा हुकणारा लाभ, सरकारचा बुडणारा महसूल, तो हुकलेला लाभ दुसऱ्या मार्गाने भरून काढायचा खर्च, आणि मूळ बांधकामातला वाटा आजच्या किमतीने. यातला सगळ्यात मोठा आकडा लावायचा, शिवाय देखभालीचा हिस्सा दरवर्षी वेगळा.

1970 च्या दशकात उपनगरं फुगली आणि कोअरने ‘तात्पुरते’ करार करून पाणी द्यायला सुरुवात केली. सरकारी कामातलं तात्पुरतं किती टिकतं हे आपल्याला सांगायला नको. करारांची मुदत संपली तरी उपसा चालूच राहिला. 1989 मध्ये कोअरने विजेच्या वाट्यातली सुमारे 9 टीएमसी जागा शहरांकडे वळवायचा प्रस्ताव मांडला, आणि पुढच्याच वर्षी खालच्या अंगाचं अलाबामा राज्य कोर्टात गेलं. फ्लोरिडाही त्यात उतरलं, कारण ही नदी शेवटी अपालाचिकोला खाडीला मिळते आणि तिथले कालवं (ऑयस्टर) धरणारे गोड्या पाण्यावर अवलंबून होते. ही दोन आणि अटलांटाचं जॉर्जिया, अशा तिन्ही राज्यांनी 1997 मध्ये वाटपासाठी करारही केला. सूत्र काही ठरेना, 2003 मध्ये तो बारगळला. शहरांना तलावात जागा देण्याबाबत कोअरची वीज विकत घेणाऱ्या संस्थांशी झालेली तडजोड 2008 मध्ये अपील कोर्टाने रद्द केली: इतका मोठा बदल संसदेला न विचारता करता येणार नाही.

मधल्या काळात 2007 चा दुष्काळ पडून गेला होता. तलाव वीस फुटांनी खाली गेला, बोटींचे धक्के चिखलात टेकले, आणि नोव्हेंबरात जॉर्जियाचे गव्हर्नर सॉनी पर्ड्यू यांनी अटलांटातल्या विधिमंडळाच्या पायऱ्यांवर जाहीर प्रार्थना घेतली. आपल्याकडे वरुणराजाला साकडं घालतात, अगदी तसंच.

2009 मध्ये न्यायाधीश पॉल मॅग्नसन यांनी खरा बॉम्ब टाकला. तलावातून शहरांना पाणी देणं मूळ मंजुरीत बसत नाही. तीन वर्षांत संसदेकडून परवानगी आणा, नाहीतर उपसा 1970 च्या दशकाच्या मध्यात होता तिथे नेऊ. त्या हिशोबाने तलावातून फक्त गेन्सव्हिल आणि बुफोर्डला पाणी मिळालं असतं. आज जिथे मराठी आयटी कुटुंबं भरपूर आहेत ती कमिंग, सुवानी ही गावं याच तलावाचं पाणी पितात. 2011 मध्ये वरच्या कोर्टाने निकाल फिरवला: पाणीपुरवठा हाही धरणाचा मंजूर उद्देशच आहे.

मग कोअरने नव्याने हिशोब मांडला, 2017 मध्ये नवं नियमन मंजूर झालं आणि जानेवारी 2021 मध्ये जॉर्जिया राज्याने करारावर सही केली. 2,54,170 एकर-फूट, म्हणजे सुमारे 11 टीएमसी जागा. त्यातून दिवसाला 84 कोटी लिटर उपसा अपेक्षित आहे. किंमत 7 कोटी डॉलरच्या घरात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने फ्लोरिडाचा जॉर्जियाविरुद्धचा दावा एकमताने फेटाळला. अपालाचिकोलातली कालवं त्याआधीच इतकी घटली होती की ती पकडणं पाच वर्षांसाठी बंद करावं लागलं होतं. अलाबामा आणि जॉर्जिया यांनी नदीतल्या किमान प्रवाहाबद्दल जुळवून घेतलं ते डिसेंबर 2023 मध्ये.