दात काळे करायचे दिवस आणि पांढरे करायचे दिवस

रावेर-यावलकडे केळी खाऊन झाली की साल गुरांपुढे जाते. हल्ली मोबाइलवर व्हिडिओ पाहून काही पोरं तीच साल आधी दातांवर घासतात. दात पांढरे होतात म्हणे. सालीत रंग उडवणारं काहीच नाही, पण निदान तिने नुकसान तरी होत नाही. लिंबाचं तसं नाही.

गंमत अशी की दोन-तीन पिढ्यांपूर्वी बायकांची खटपट उलटी होती. काळे दात शोभेचे मानले जात. त्यासाठीचं दातवण हिराकस, हिरडा वगैरे कुटून करत. हिराकशीत लोह, हिरड्यात टॅनिन. दोन्ही भेटले की काळाकुट्ट रंग धरतो. जुनी लोहाची शाई याच जोडीतून होई.

आमच्या आजीची मिश्री त्यानंतरची. चुलीवर तवा, त्यावर तंबाखू, आणि तो काळा पडेपर्यंत घरभर ठसका. थंड झाला की चुरून पत्र्याच्या डबीत. सकाळी बोटावर चिमूट घेऊन ओट्यावर बसली की अर्धा तास हलायची नाही. तिच्या लेखी ते दात घासणं होतं. खरं तर ते व्यसन होतं. केंद्र सरकारने १९९२ मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली, पण घरच्या तव्याला कोण अडवणार?

पुरुषांकडे निंबाची नाहीतर बाभळीची काडी, नाहीतर राखुंडी. गोवरीची राख, कोळसा, मीठ यांचं काम एकच, खरवडणं. वरचा चहा-तंबाखूचा डाग त्याने निघतोही. पण जोर लावून वर्षानुवर्षं घासलं की इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण कवच, झिजतं आणि ते पुन्हा येत नाही. खालचा थर मुळातच पिवळसर, म्हणजे जितकं घासावं तितका दात पिवळा दिसतो. आज काळ्या डबीत महाग विकली जाणारी कोळशाची पूड ही राखुंडीचीच नात आहे. लिंबाचा रस त्याहून वाईट: इनॅमल साधारण ५.५ पीएचखाली (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) विरघळू लागतं आणि लिंबू २ ते ३ च्या आसपास असतं.

खरवडण्याऐवजी रंगच उडवायचा, ही दवाखान्यातली वाट. १८६४ मध्ये अमेरिकेत जेम्स ट्रुमन यांनी आतली नस मेलेल्या दातांवर क्लोरीन वापरलं. पुढे त्याच शतकात हायड्रोजन पेरॉक्साइड आलं. ते इनॅमलमधून आत झिरपतं आणि रंगाचे रेणू तोडतं.

आणि घरी करायची पद्धत? ती दवाखान्यातूनच, तीही चुकून निघाली. १९६८ च्या सुमारास अमेरिकेतल्या अर्कान्सासमध्ये बिल क्लुसमायर नावाच्या डॉक्टरांनी हिरड्या बऱ्या व्हाव्यात म्हणून एका रुग्णाला रात्री ट्रेमध्ये, म्हणजे दातांवर बसणाऱ्या साच्यात, १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड घालून झोपायला सांगितलं. हिरड्यांबरोबर दातही उजळले. १९८९ मध्ये हेवूड आणि हेमन या दंतवैद्यांनी ही रीत छापून आणली, तेव्हा ती सगळीकडे पोचली.

त्यामुळे दात पांढरे करायचे ते ‘घरी की डॉक्टरकडे’ हा वादच मला थोडा पोकळ वाटतो. फरक जागेचा कमी, ताकदीचा जास्त. १० टक्के कार्बामाइडमधून साधारण ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं. दवाखान्यात २५ ते ४० टक्क्यांचं लावतात, म्हणून आधी हिरड्या झाकून घेतात. ते हिरडीला लागलं तर ती पांढरी पडून भाजते. युरोपात २०११ च्या नियमाने ०.१ टक्क्याच्या वरचं काहीही ग्राहकाला थेट विकता येत नाही. ६ टक्क्यांपर्यंतचं दंतवैद्यामार्फतच, आणि तेही १८ वर्षांखालच्यांना नाही. ट्रे आपल्या दाताच्या मापाचा हवा, कीड असेल तर ती आधी भरून घ्यायला हवी. काही दिवस गार पाणी झोंबतं, ते बहुतेक वेळा आपोआप थांबतं.

कॅप आणि सिमेंट मात्र उजळत नाहीत. पुढच्या दातावर कॅप असलेल्याने हे आधीच विचारावं, नाहीतर शेजारचे दात पांढरे आणि कॅप जुन्याच रंगाची. बोअरच्या पाण्यातल्या जास्त फ्लोराइडमुळे पडलेले तपकिरी डाग तर घासून जातच नाहीत, ते इनॅमलच्या आतच असतात.

भाच्याचं लग्न ठरलं तेव्हा तो ऑनलाइन जेल मागवायला निघाला होता. डॉक्टरांनी आधी नुसती दातांची सफाई केली. बेसिनमध्ये पडलं ते सगळं चहाचं आणि पुडीचं होतं. जेल राहूनच गेलं.