श्रावणबाळ योजनेचा अर्ज मुंबईत का परत येतो

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेतून महिन्याला 1,500 रुपये मिळतात. वय 65 पूर्ण हवं, महाराष्ट्रात किमान 15 वर्षांचं वास्तव्य हवं आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवं, किंवा दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव हवं. 65 च्या आतल्या विधवा, दिव्यांग, निराधार व्यक्तींसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. उपनगरात अर्ज अंधेरी, बोरिवली किंवा कुर्ला यांपैकी आपल्या तालुक्याच्या तहसील कार्यालयात द्यायचा. शहरात मुंबई शहर जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीतल्या संजय गांधी योजना शाखेत. फॉर्म भरायला अर्धा तास पुरतो. माणसं अडकतात ती कागदांवर, आणि त्यातली बरीचशी खरोखर पात्र असतात.

पहिली अडचण वास्तव्याची. 15 वर्षं महाराष्ट्रात, मुंबईत नव्हे! नवरा गेल्यावर संगमेश्वरहून मुलाकडे कांदिवलीला आलेल्या आजींना “तुम्ही इथल्या नाही” असं कोणी खिडकीवर तोंडी सांगितलं, तर तेवढ्यावर घरी परतू नका. गावची वर्षंही धरली जातात. चाळीत जन्म काढलेल्यांचा त्रास वेगळा असतो. खोली पागडीची, विजेचं बिल घरमालकाच्या नावावर, त्यात इमारत पाडली म्हणून संक्रमण शिबिरात मुक्काम आणि शिधापत्रिकेवर अजून जुनाच पत्ता. अशा वेळी मतदार नोंदणी कार्यालयातून जुन्या मतदार यादीचा प्रमाणित उतारा काढा. त्यावर पत्ता असतो आणि वयही असतं, म्हणजे एकाच कागदावर दोन कामं होतात. हे खिडकीवर आपणहून कोणी सांगत नाही, याचा राग येतो.

वयाचा पुरावा हा खरा काटा. सत्तरीतल्या कितीतरी बायकांकडे जन्मदाखला नाही आणि शाळा सोडल्याचा दाखलाही नाही. आधारवर 1 जानेवारी अशी अंदाजे तारीख पडलेली असते आणि शिधापत्रिकेवरचं वय त्याच्याशी जुळत नाही. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही, त्यामुळे एकट्या आधारवर विसंबू नका. काहीच नसेल तर सरकारी रुग्णालयातून वयाचा वैद्यकीय दाखला घ्या. खासगी डॉक्टरांचं पत्र चालत नाही. जन्माच्या किंवा शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र जोडा. राजपत्राला वेळ लागतो, म्हणून ते काम आधी हाती घ्या.

उत्पन्नाचं बोलायचं तर 21,000 म्हणजे महिन्याला 1,750 रुपये. एवढ्यात मुंबईत कोणाचं भागतं? ही मर्यादा वाढायलाच हवी. पण आज नियम हाच आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला ‘आपले सरकार’ पोर्टलवर किंवा सेतू केंद्रातून मिळतो. केशरी शिधापत्रिकेवर बऱ्याच वर्षांपूर्वी लिहिलेलं उत्पन्न जास्त असेल, तर दाखला आणि शिधापत्रिका यांचा मेळ बसत नाही आणि अर्जावर त्रुटी निघते. आज कमाई उरली नसेल तर आधी शिधावाटप कार्यालयात ती नोंद दुरुस्त करून घ्या. आणखी एक: दाखल्याची मुदत काढल्या दिवसापासून वर्षभर धरू नका, दाखल्यावर छापलेली तारीख वाचा. ती बहुधा 31 मार्च असते. फेब्रुवारीत काढलेला दाखला एप्रिलमध्ये निरुपयोगी ठरला, तर सगळी धावपळ पुन्हा करावी लागते.

उत्पन्न किंवा अधिवासाच्या दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. कार्यालयाबाहेर कोणी स्टॅम्प पेपर गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. “अर्ज मंजूर करणाऱ्या समितीत आपली ओळख आहे” म्हणून पैसे मागणाऱ्याला तर उभंच करू नका. अर्ज दिल्यावर पोच घ्या आणि नाकारला तर कारण लेखी मागा. तोंडी नकाराविरुद्ध कुठेच दाद मागता येत नाही.

पैसे आता थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. “खात्याला आधार दिलंय” एवढं पुरत नाही. बँकेत जाऊन हेच खातं डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी रक्कम थेट जमा होण्यासाठी, सक्रिय आहे का, असं स्पष्ट विचारा. नंतर दुसरीकडे खातं उघडताना आधार दिलं असेल, तर रक्कम तिकडे जाते आणि आजोबा जुन्या पासबुकात एंट्री शोधत बसतात.

     

पेन्शन मंजूर झाल्यावरही दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की रक्कम थांबते. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरच्यांनी बँकेला आणि तहसील कार्यालयाला तसं लेखी कळवावं आणि त्याचीही पोच घ्यावी. कुठे जायचं तेच कळत नसेल तर ज्येष्ठांसाठीच्या 14567 या मोफत हेल्पलाइनवर फोन करा.